स्मार्ट मीटर बसवायला आले तर काय काय बघायचं: महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी

सोसायटीच्या कमिटीत असल्यामुळे मीटर रूमची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे मीटर बदलायला माणसं आली की तिथे उभं राहणं आणि नंतर महिनाभर लोकांची लाईट बिलं वाचून देणं हे दोन्ही माझ्याच गळ्यात पडलं. त्यात एक गोष्ट सारखी दिसली, ज्यांनी मीटर बदलला त्या दिवशी फोटो काढून ठेवले त्यांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला आणि ज्यांनी नाही काढले ते अजून "जुना मीटर कितीवर होता हो?" असं एकमेकांना विचारतायत. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

हे महावितरणच्या, म्हणजे आपण अजून ज्याला एमएसईबी म्हणतो त्याच्या, घरगुती ग्राहकांसाठी आहे. मुंबई शहर आणि बहुतेक उपनगरांत बेस्ट, टाटा, अदानी यांची बिलं वेगळी असतात, पण मीटर बदलतानाची काळजी तिथेही हीच.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण अर्धी भीती त्यातून आलीय. केंद्राची आरडीएसएस नावाची योजना २०२१ मध्ये आली, देशभर २५ कोटी जुने मीटर काढून स्मार्ट मीटर, म्हणजे स्वतःच रीडिंग पाठवणारे मीटर, बसवायचे असं टार्गेट. महावितरणने २०२३ मध्ये चार कंपन्यांना कामं दिली: पुणे, बारामती, कल्याण, भांडुप, कोकण हे अदानीकडे, नाशिक, जळगाव आणि मराठवाडा एनसीसीकडे, नागपूर, चंद्रपूर, गोंदिया मॉन्टेकार्लोकडे आणि अकोला, अमरावती जीनसकडे. शेतीपंप यात नाहीत. सुरुवातीला हे मीटर प्रीपेड असणार होते, मोबाईलसारखा रिचार्ज मारायचा, त्यावरून खूप आरडाओरडा झाला आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. आता जो लागतोय तो "स्मार्ट टीओडी मीटर" (टाइम ऑफ डे, म्हणजे वीज कोणत्या वेळी वापरली तेही नोंदवणारा) म्हणून लागतोय आणि तो पोस्टपेड आहे, म्हणजे महिना संपल्यावर बिल, रिचार्ज वगैरे काही नाही. तरी व्हॉट्सॲपवर रिचार्ज संपून रात्री दोन वाजता लाईट गेल्याचे किस्से फिरतातच.

## १. मीटर यायच्या आधी: जुनं बिल नीट वाचा

शेवटची दोन-तीन बिलं काढा आणि एवढं तपासा:

- १२ अंकी ग्राहक क्रमांक, आणि त्याच्यासोबतचा बिलिंग युनिट नंबर
- बिलावरचा मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरवर छापलेला क्रमांक. दोन्ही एकच आहेत का?
- मंजूर भार किती आहे
- मोबाईल नंबर कोणाचा जोडलाय (बऱ्याच घरांत तो वारलेल्या वडिलांचा किंवा आधीच्या मालकाचा असतो)
- रीडिंगच्या जागी "सरासरी", "लॉक", "फॉल्टी" असं काही लिहिलंय का

दुसरा मुद्दा हलक्यात घेऊ नका. जुन्या बिल्डिंगमध्ये मीटर रूममधल्या पाट्या पुसलेल्या असतात आणि ३०२ चा मीटर ३०३ च्या नावावर वर्षानुवर्षं चालू असतो, दोघांचाही वापर साधारण सारखा म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नवा मीटर लागला की तोच घोळ नव्या नंबराने पक्का होतो. तपासायला सोपं आहे, घरातला मेन स्विच बंद करा आणि खाली जाऊन बघा कोणत्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. जो थांबला तो तुमचा.

सरासरी बिल, म्हणजे रीडिंग न घेता अंदाजाने काढलेलं, येत असेल तर मीटर बदलायच्या आधीच खरं रीडिंग महावितरणच्या ॲपवरून पाठवा किंवा सेक्शन ऑफिसला लेखी द्या. नाहीतर मागच्या कित्येक महिन्यांचा फरक मीटर बदलल्यावरच्या पहिल्या बिलात एकदम येतो आणि माणूस म्हणतो स्मार्ट मीटरने लुटलं.

## २. "नको" म्हणता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. वीज कायदा २००३ मधली दोन कलमं लोक पुढे करतात. कलम ५५ म्हणतं की योग्य मीटरशिवाय वीज द्यायची नाही, आणि मीटर स्वतः विकत घ्यायचा पर्यायही त्यातच आहे. कलम ४७(५) म्हणतं की प्रीपेड मीटर घ्यायला तयार असलेल्याकडून सुरक्षा ठेव मागायची नाही, त्यावरून प्रीपेड हा ग्राहकाच्या मर्जीचा मामला आहे असा युक्तिवाद होतो. पण तुम्हाला लागतोय तो पोस्टपेड, त्यामुळे ४७(५) चा फारसा उपयोग नाही असं माझं मत.

तरी विरोध करायचाच असेल तर दारात आलेल्या पोराशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं, तो दिवसाला इतके मीटर बसवायचे एवढंच सांगून पाठवलेला असतो. उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही अशी पोच घ्या. तोंडी "नको" ला काही किंमत नाही. आणि मीटर फॉल्टी असेल, नवं कनेक्शन असेल किंवा छतावर सोलर बसवताय तर स्मार्टच लागणार हे धरून चाला.

## ३. बसवायला माणूस येतो तो दिवस

येणारा बहुतेक वेळा महावितरणचा वायरमन नसतो, ठेकेदाराचा माणूस असतो. ओळखपत्र मागा, फोटो काढून ठेवा, त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. संशय आला तर १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ ला फोन करून विचारा.

मीटरचे, वायरचे, "चहापाण्याचे" पैसे द्यायचे नाहीत. मीटर ग्राहकाला फुकट बसवून मिळतो. (फुकट म्हणजे आत्ता फुकट, कंपन्यांचे पैसे पुढच्या वर्षांत हप्त्याने फेडायचेच आहेत आणि त्याचा भार दरात येणार की नाही यावर वाद चालूच राहील, पण दारात रोख द्यायचे नाहीत हे नक्की.) कोणी घरातल्या मेनपर्यंतची वायर खराब आहे म्हणून बदलून देतो म्हणाला तर ते काम वेगळं, ते आपल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

आता फोटो. मोबाईलमध्ये हे असायलाच पाहिजेत:

- जुन्या मीटरचा चालू स्थितीतला फोटो, क्रमांक आणि रीडिंग दोन्ही एकाच फ्रेममध्ये
- जुन्या मीटरचं सील
- नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग
- नवं सील लावून झाल्यावरचा फोटो
- मीटर बदली अहवाल, म्हणजे जो कागद किंवा मोबाईलवरचा फॉर्म तो माणूस भरतो तो

जुन्या मीटरचा फोटो वीज तोडायच्या आधी काढा. डिजिटल मीटर सप्लाय काढल्यावर बंद पडतो आणि स्क्रीन कोरी होते, मग रीडिंग कुठून दिसणार? अहवालावर जुनं शेवटचं रीडिंग लिहिलंय का आणि ते तुमच्या फोटोशी जुळतंय का हे बघूनच सही करा. कोरा फॉर्म असेल तर सही नाही.

मीटर बदलताना टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर बंद ठेवा आणि घरातला मेन खाली करून ठेवा. काम झाल्यावर वायर स्क्रूमध्ये घट्ट बसलीय का हे त्यालाच खेचून दाखवायला सांगा, ढिल्या जोडणीने टर्मिनल जळतं आणि सील असल्यामुळे ते आपल्याला उघडता येत नाही. स्वतः कधीच उघडू नका, सील तुटलेलं सापडलं की वीजचोरीच्या कलमाखाली चौकशी लागते आणि तिथे "मी फक्त बघत होतो" चालत नाही.

घरी कोणी नसताना मीटर बदलून गेले, असंही होतं, मीटर रूम उघडी असते ना. अशा वेळी त्याच दिवशी सेक्शन ऑफिसला अर्ज देऊन मीटर बदली अहवालाची प्रत मागा. आणि सोसायटीवाल्यांनो, आधीच सगळ्या मीटरचे फोटो काढून ग्रुपवर टाकून ठेवा.

## ४. त्याच संध्याकाळी घरच्या घरी चाचणी

पहिली चाचणी, मेन बंद करून नव्या मीटरचा पल्सचा दिवा, म्हणजे तोच लुकलुकणारा लाल दिवा, बघा. लुकलुकणं थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर मीटर आणि तुमच्या मेनच्या मध्ये कोणीतरी वायर टाकलीय, जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, काहीही असू शकतं. मग मेन चालू करून सगळे एमसीबी (बोर्डावरचे एकेका लाईनचे छोटे स्विच) खाली, आणि एकेक वर करत जा. ज्याला काही चालू नसताना दिवा लुकलुकतो त्या लाईनवर लिकेज, म्हणजे वीजगळती, असू शकतं.

दुसरी, मीटर पळतोय का ते. यासाठी गिझर, इस्त्री नको कारण ते मधूनच कट होतात. बादलीत टाकायचा रॉड घ्या, पाणी भरूनच चालू करायचा आणि चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही. १५०० वॅटचा रॉड २० मिनिटं चालला की अर्धा युनिट, बाकी घर बंद ठेवून. किंवा मीटरवर एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, समजा ३२०० असेल तर १५०० वॅटला मिनिटाला ८० वेळा दिवा लुकलुकला पाहिजे, मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून मोजा. व्होल्टेज कमी असेल तर रॉडही कमी खेचतो, त्यामुळे थोडा फरक पडला तर घाबरू नका. दीडपट-दुप्पट दिसलं तर मात्र पुढे वाचा.

## ५. न्यूट्रलची भानगड

याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आताचे मीटर फेजमधून जाणारा करंट आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट दोन्ही मोजतात, आणि दोन्हींत फरक पडला तर जो जास्त त्यावर युनिट पकडतात. चोरी पकडायला हे केलंय, कारण पूर्वी लोक फेज मीटरमधून घेऊन न्यूट्रल बाहेरून किंवा अर्थिंगमधून द्यायचे.

पण चाळीत, वाड्यात, जुन्या बिल्डिंगमध्ये वायरिंग करणाऱ्याने सोयीसाठी दोन घरांचा न्यूट्रल एकत्र केलेला असतो. जुन्या चकतीच्या मीटरला ते कळत नव्हतं. नव्याला कळतं, आणि शेजाऱ्याचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परत आला की तो तुमच्या खात्यात. आमच्याकडे एका घरात हेच निघालं, इन्व्हर्टर बसवताना इलेक्ट्रिशियनने दोन फ्लॅटचे न्यूट्रल एका पट्टीवर आणले होते, दोन्ही फ्लॅट भावाभावांचे म्हणून कोणी हरकत घेतली नव्हती. वायर वेगळी केल्यावर बिल जाग्यावर आलं.

ओळखायचं कसं? मीटरवर अर्थ लिकेजची खूण किंवा दिवा असतो, तो सतत चालू असेल तर चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि "फेज-न्यूट्रलचा करंट क्लॅम्प मीटरने मोजून दे" म्हणा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. हा दोष मीटरचा नाही, घरातल्या वायरिंगचा आहे, आणि महावितरणकडे कितीही अर्ज केले तरी हे ते दुरुस्त करून देणार नाहीत कारण मीटरच्या पुढची वायरिंग आपली जबाबदारी.

## ६. ॲप लावून घ्या

महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी केली की वापर दिसतो. मीटर आतल्या कम्युनिकेशन मॉड्यूलमधून स्वतःच रीडिंग पाठवतो, म्हणून दारात रीडिंगवाला यायची गरज राहत नाही. पण पहिले काही दिवस ॲपवर काहीच दिसत नाही किंवा अर्धवट दिसतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा मीटरवरचं बटण दाबून रीडिंगचा फोटो काढायची सवय ठेवा, निदान पहिलं बिल येईपर्यंत तरी.

मोबाईल नंबर अपडेट हवा म्हणतो ते यासाठी की या मीटरमध्ये ऑफिसमधून बसल्या बसल्या सप्लाय तोडायची सोय आहे. पूर्वी थकबाकी असली तर वायरमन यायचा, त्याला हातापाया पडून दोन दिवस मागता यायचे, ते दिवस गेले. कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागतेच, पण मेसेज चुकीच्या नंबरवर गेला तर तुम्हाला कळणार कसं.

## ७. पहिलं बिल: आधी युनिट, मग रुपये

पहिल्या बिलात दोन मीटरचा वापर एकत्र येतो आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. उदाहरण घेऊ. मागच्या बिलाचं रीडिंग १४२१०, जुना मीटर काढला तेव्हा १४२६८, म्हणजे ५८ युनिट जुन्यावर. नवा मीटर ० वरून सुरू, बिलाच्या दिवशी ९१. एकूण १४९ युनिट. बिलावर चालू रीडिंग ९१ दिसेल आणि जुन्याचे ५८ "समायोजित युनिट" च्या रकान्यात येतील. हे ५८ तुमच्या फोटोशी जुळले तर बिल बरोबर.

मग स्लॅब. घरगुतीचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. १४९ पैकी पहिले १०० स्वस्त दराने, वरचे ४९ पुढच्या. दोन महिन्यांचं बिल एकत्र आलं असेल तर स्लॅबचा फायदाही दोन महिन्यांचा मिळायला हवा, तो मिळालाय का बघा.

वाढीचं कारण मीटरच असेल असं नाही. बिलात वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं, यातलं काही वाढलं तरी युनिट तेवढेच असून रुपये वाढतात. म्हणून तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या युनिटशी करा, बिलावर आलेख असतो. मे महिन्याची तुलना जानेवारीशी करून ग्रुपवर बोंबलणाऱ्यांना काय सांगायचं.

आणि खरं सांगायचं तर जुना मीटर खूप म्हातारा असेल तर तो हळू चालत होता हेही शक्य आहे. चार्जर, सेट टॉप बॉक्स असला बारीक लोड चकतीचे मीटर पकडत नसत.

## ८. टीओडी सवलत: कोणाला फायदा

१ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे, पुढच्या वर्षांत ती १ रुपयापर्यंत जाणार. ८० पैशांच्या हिशोबाने या वेळात १०० युनिट वापरले तर ८० रुपये. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर-घरघंटी, पाण्याचा पंप हे ९ नंतर ढकलता येतं. घरी आजी-आजोबा, लहान मुलं, वर्क फ्रॉम होम असेल तर आपोआपच मिळते. दोघंही सकाळी ८ ला डबा घेऊन बाहेर पडणारे असतील तर फ्रिजपुरतीच मिळेल, त्यासाठी सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे कपडे धुणं एवढंच हातात. गिझर सकाळी ६ लाच लागतो, तो काही ९ पर्यंत थांबत नाही.

## ९. तरीही बिल जास्त वाटत असेल तर

क्रमाने जा, थेट पुढारी किंवा पेपरवाले गाठू नका.

आधी १९१२ वर किंवा ॲपवर तक्रार करून नंबर घ्या. मग उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज, सोबत मागची १२ बिलं, मीटरचे फोटो, बदली अहवाल, स्वतः लिहून ठेवलेली रीडिंग. अर्जात "मीटर तपासून द्या" एवढंच नको, "चेक मीटर लावा" असं स्पष्ट लिहा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झालीय, त्यानुसार रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर ५ दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावून किमान ३ महिने वापर पडताळायचा असतो. हे काउंटरवर बऱ्याच जणांना माहीत नसतं, नियमाचा उल्लेख अर्जातच करा. याशिवाय वायरमन जागेवर ॲक्युचेक (मीटर बरोबर मोजतोय का ते तपासायचं यंत्र) लावून बघू शकतो, किंवा फी भरून मीटर लॅबला पाठवता येतो.

दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. दरम्यान बिल भरायचंच नाही असं करू नका, थकबाकी दिसली की तक्रार बाजूला राहते आणि सप्लाय जातो. वाद आहे असं लेखी कळवून भरा.

## १०. फसवणूक

"मीटर अपडेट झाला नाही, आज रात्री ९.३० ला लाईट कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज पर्सनल नंबरवरून आला की तो खोटाच. महावितरणचे मेसेज MSEDCL (महावितरणच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) ही अक्षरं असलेल्या सेंडर आयडीवरून येतात, दहा आकडी नंबरवरून नाही. व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाइल इन्स्टॉल करू नका, ओटीपी कोणाला देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे बसून समजावून सांगा, तेच जास्त घाबरतात.

## ११. भाडेकरू आणि सोलरवाले

भाड्याने राहत असाल तर मीटर बदलल्याचं मालकाला त्याच दिवशी फोटोसकट कळवा, आणि घर सोडताना जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्याचं चालू रीडिंग दोन्ही लिहून त्यांची सही घ्या, नाहीतर डिपॉझिट कापायला रीडिंगचा घोळ हे कारण पुरतं.

सोलर असेल तर मीटर बदलताना आयात (महावितरणकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (त्यांना दिलेली) दोन्ही रीडिंग नोंदवून घ्या, आणि तुमचे शिल्लक राहिलेले युनिट पुढच्या बिलात आलेत का ते बघा. स्क्रीनवर बटण दाबत गेलं की दोन्ही आकडे वेगवेगळे येतात, घाईत माणूस पहिलाच लिहितो.